वावरातली माणसं

आमचं घर तापीनं नेलं, असं सगळे सांगत. सांगताना हात नदीकडे करत आणि तेवढ्यावर गोष्ट संपे. मीही कितीतरी वर्षं तसंच सांगत आले. आधी सासरच्या बायकांना, मग शेजारणींना, मग मुलांना. आता या वयात कागद पुढ्यात घेऊन बसले तर मात्र ते वाक्य लिहायला हात धजत नाही. नदीनं घर नेलं हे खरं, पण ते एका दुपारी. त्यानंतर कितीतरी काळ आम्हाला घर नव्हतं, ते काही नदीचं काम नव्हतं.

घर होतं दरडीवर, अगदी काठाला. धाब्याचं, मातीचं, पुढे अंगण आणि अंगणाच्या पलीकडे एकदम खोल नदी. वडलांचं नाव नथ्थू, आम्ही त्यांना नाना म्हणत असू आणि त्यांच्या थोरल्या भावाला आप्पा. आजोबा गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. गावातलं मोठं घर आणि त्याला लागून असलेलं खळं आप्पांकडे गेलं, काठावरचं घर आणि त्याच्या वरच्या अंगाचं विहिरीचं वावर, म्हणजे शेत, नानांकडे आलं. नानांना नदीची हवा आवडते म्हणून त्यांनी काठ मागून घेतला, असं गावात म्हणत. माझी माय म्हणायची, "त्यासले कोनी इचारं का? दिधं ते लिधं." माय ब्राह्मणपुरीची, माणसांनी भरलेल्या घरातली. तिला काठावरचं घर मात्र मनापासून आवडे, कारण तिथं तिच्या उतरंडीला, तिच्या पाट्यावरवंट्याला दुसरं कुणी हात लावत नसे. सकाळी तिच्या जात्याची घरघर आणि खालून पाण्याचा आवाज, यात मला पुन्हा झोप लागायची.

त्या साली पूर येऊन गेला होता. पाणी अंगणापर्यंत आलंच नाही, आणि उतरलंही. चांगलं ऊन पडलं होतं. मायनं अंगणात मूग वाळत घातले होते आणि मी काठी घेऊन चिमण्या हाकत बसले होते. बसल्या बसल्या मला दिसलं की मूग एका रेषेत कमी होतायत. चिमणी नाही, उंदीर नाही, आणि मूग जातायत. मी मायला हाक मारली. तिनं हातानं मूग बाजूला सारले तर खाली जमिनीला भेग, माझं बोट जाईल एवढी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माय उठली आणि आधी चुलीतला विस्तव विझवला. का, ते मला कधी कळलं नाही. पूर चढताना दरड धरून राहते आणि पाणी उतरलं की ओल्या अंगानं खाली बसते, हे नानांनी नंतर सांगितलं. भेग रोज रुंदावत गेली. गावातली माणसं आली, आप्पा आले, धाब्यावरची माती काढली, लाकूड उतरवलं, दारं काढली. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. मग एका दुपारी, आम्ही गावातल्या घरी जेवत असताना, बैल बसताना सोडतो तसा एक लांब उसासा ऐकू आला. नाना हातातला घास ताटात ठेवून बाहेर गेले. माय गेली नाही. ती म्हणाली, "माले नही देखनं."

आप्पांच्या घरी आम्हाला गोठ्याला लागून असलेली पडवी मिळाली. नाना, माय, मी आणि माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणायची. आप्पांची बायको म्हणजे आमची मोठी माय. बाई वाईट नव्हती. पहिल्या दिवशी तिनंच आमची डोकी विंचरली, आम्हाला ताक-भाकरी वाढली. पण एका घरात दोन चुली नकोत म्हणून मायला तिच्याच चुलीवर भाकरी थापाव्या लागत, आणि त्याही सगळ्यांच्या झाल्यावर. माय पीठ मळून परात मांडीवर घेऊन बसायची आणि मोठी माय म्हणायची, "चूल मोकळी व्हई ना, तवय तू बठ." आमच्या भाकरी विझत्या विस्तवावर भाजल्या जात, त्यांना मध्ये कच्ची चव असे. मोठ्या मायची उतरंड भिंतीशी छपरापर्यंत गेलेली, रोज राखेनं घासलेली. आमची पितळी भांडी पडवीत गोणपाटात बांधलेली. बैलांनी शेपटी आपटली की गोणपाटातून आवाज यायचा, आणि माय दचकून तिकडे पाहायची.

मायला मोठ्या मायचा हेवा वाटे तो उतरंडीवरून. मला वाटे तो काशीचा. काशी म्हणजे आप्पांची मुलगी, माझ्याच वयाची. तिला दोन मोठे भाऊ होते, पण मला त्यांचं काही नव्हतं. काशीला भिंतीत एक कोनाडा होता. त्यात तिच्या कवड्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, चिंध्यांची बाहुली. तो कोनाडा तिचा आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला कुणी हात लावत नसे. माझ्याकडेही कवड्या होत्या. त्या मी परकराच्या ओच्यात बांधून हिंडायची आणि झोपताना त्या मला टोचायच्या. आज सांगितलं तर हसू येईल, पण त्या हातभर कोनाड्यासाठी मी किती जळले ते माझं मला ठाऊक. काशी अगदी मोकळ्या मनाची होती. "तुन्ह्या कवड्या बी ठेव ना वं अठे," ती म्हणायची. त्यानं आग आणखी भडकायची. कुणी देऊ केलेल्या जागेत आपली वस्तू ठेवली की ती त्यांची होते, असं मला तेव्हा वाटे. अजूनही बरंचसं तसंच वाटतं.

आमच्या घराचं लाकूड आप्पांच्या अंगणात पडलं होतं. एके दिवशी आप्पा नानांना म्हणाले, "लाकूड भुईवर पडी ऱ्हायनं तर उधई खाई जाई. वर चढी गयं तर सुखी ऱ्हाई." बोलणं खोटं नव्हतं. वाळवी लागायला सुरुवात झालीच होती. नानांनी मान हलवली. त्या लाकडावर आप्पांनी घराला एक नवी खोली जोडली, आणि ती खोली काशीची आणि तिच्या आजोळहून येणाऱ्या पाहुण्यांची झाली. आमच्या काठावरच्या घरातल्या मधल्या खोलीची तुळई त्या खोलीवर चढली. तिला एक लोखंडी कडी होती. त्या कडीला आक्काचा पाळणा होता, मग माझा. नागपंचमीला काशीनं त्याच कडीला दोर बांधून झोका घेतला आणि मला हाक मारली, "ये ना वं मथे, तू बी बठ!" मी गेले नाही. गोठ्यात जाऊन वासराशेजारी बसले. मायनं मला काही विचारलं नाही, कारण ती त्या खोलीच्या दारात उभी राहून वर बघून आली होती.

मला आठवतं ते असं की त्या घरात कुणी कुणाला वाईट बोलत नव्हतं. नाना आप्पांना कधी म्हणाले नाहीत की खळ्याचा एक कोपरा मला द्या, मी दोन खण उभे करतो. माय त्यांना म्हणे, "एकदाव बोली तर देखा." नाना म्हणत, "भाऊ शे तो मन्हा. त्याले दिसत नही का? मी कसाले सांगू?" आणि आप्पांना वाटत असणार, नथ्थू काही मागत नाही, म्हणजे त्याचं बरं चाललंय. दोघं रोज शेजारी बसून चिलीम ओढत, कपाशीचं बोलत, बैलांचं बोलत. गावाच्या विहिरीवर मात्र बायका स्पष्ट बोलत. एकीनं मायच्या देखत दुसरीला सांगितलं, "त्यासले पोऱ्या नही, दोन्ही पोरीच. घर कोनासाठे बांधी?" माय घागर भरून घरी आली. तिनं ते नानांना सांगितलं नाही, मला मात्र दोनदा सांगितलं, जणू मी त्यावर काही करू शकणार होते.

आक्काचं लग्न त्याच दारातून झालं. रनाळ्याचं स्थळ, चांगली माणसं. मांडव आप्पांच्या दारात, खळ्यात पंगती. खापरावरचे मांडे करायला गावातल्या बायका आल्या होत्या. आप्पांनी काही कमी केलं नाही, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. पण त्या गडबडीत मोठ्या मायनं आमच्या गोणपाटातली मोठी परात काढली, मायला न विचारता, आणि रनाळ्याच्या एका म्हातारीनं परातीची वाखाणणी केली तेव्हा म्हणाली, "आमनी जुनी परात शे." आमची. तिच्या मनात कदाचित सगळ्या घराची असंच असेल. माय पुरण वाटत होती. तिचा वरवंटा थांबला. ती परात मायला तिच्या आईनं ब्राह्मणपुरीहून दिली होती. पोरीच्या लग्नात तोंड उघडायचं नाही म्हणून ती गप्प राहिली. वऱ्हाड परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं परात घासली, गोणपाटात घातली, गोणपाट डोक्यावर घेतलं आणि नानांना म्हणाली, "मी वावरमा चालनी. तुमले येनं व्हई तर या." नाना मागोमाग आले. आप्पा वेशीपर्यंत आले आणि म्हणाले, "असं काय करतस?" पण थांब असं म्हणाले नाहीत. मला तेव्हा समजलं नाही, पण आम्ही त्या दिवशी घराबाहेर पडलो ते एका परातीपायी. आणि परातीपायी पडलो असंही म्हणता येणार नाही.

वावरात विहिरीशेजारी नानांनी झोपडी घातली. तुरकाठ्यांचा कूड, वर गवत, आतून शेणमातीचा हात. त्या पावसाळ्याचं मी फार लिहीत नाही. काळी जमीन, पाय टाकला की घोट्याच्या वर चिखल. पिठाचं मडकं खाटेवर आणि आम्ही खाटेखाली, असे कितीतरी दिवस गेले. लांबून गाव दिसायचं. संध्याकाळी प्रत्येक घरातून धूर निघाला की मी त्यातला आप्पांच्या घरचा धूर ओळखायची, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसायची. आज पेपरात बेघर असा शब्द येतो. माझी नात मोठ्यानं वाचून दाखवते, त्यांचे आकडे सांगते. आमच्या बोलीत तसा शब्द नव्हता. गावात आमच्याविषयी म्हणत, "त्या वावरमा ऱ्हातस." वावर होतं, विहीर होती, बैल होते, कापूस होता. अशा माणसांना घर नाही, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. गावठाणात पाय टेकायला जागा नाही एवढीच काय ती उणीव, आणि ती दिसत नव्हती.

थंडी पडू लागली आणि गावात प्लेगचे उंदीर मरून पडायला लागले. पहिल्यांदा सावकाराच्या कोठारात, मग सगळीकडे. दवंडी पिटली, घरं सोडा, वावरात जा. एका आठवड्यात सगळं गाव गाड्यांवर सामान घालून बाहेर आलं. कोण कुठे, कोण कुठे झोपड्या घालू लागलं. आमची विहीर होती म्हणून आप्पा आमच्याच वावरात आले. त्यांची झोपडी आमच्या झोपडीला लागून झाली. मोठ्या मायची भांडी गाडीतून उतरली ती गोणपाटात बांधलेली. मी ते गोणपाट पाहिलं आणि मला असा काही आनंद झाला की मी पळत जाऊन विहिरीभोवती फेरी मारली. गावात माणसं मरत होती, नदीकाठी धूर दिसत होता, आमच्या शेजारचं एक अख्खं घर संपलं. ते सगळं मला कळत होतं. तरी त्या हिवाळ्याइतकी मी त्याआधी सुखी नव्हते, हेही तितकंच खरं.

कारण आता सगळ्यांचं आमच्यासारखं होतं. मोठ्या मायला तीन दगडांची चूल मांडता येईना, वाऱ्यानं जाळ सारखा एका बाजूला पडे. माय गेली, चुलीचं तोंड फिरवलं, कुडाशी आडोसा केला आणि म्हणाली, "वारा अथून येस. चूल अशी मांडनी." तिच्या आवाजात नव्यानं काहीतरी आलं होतं. झोपडीचं दार कोणत्या बाजूला, पीठ कुठं ठेवायचं, विंचू कुठं निघतो, सगळं माय सांगायची आणि मोठी माय ऐकायची. कपाशीच्या काटक्यांवर वांगी भाजून भरीत व्हायचं, दोन्ही झोपड्यांचं एकत्र, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी गरम गरम, चुलीवरून थेट हातात. काशी पहिले काही दिवस कोल्ह्यांच्या आवाजाला रडली. तिला तिचा कोनाडा आठवायचा. मी तिला सांगायची, "कवड्या ओच्यामा बांध. मी तशीच करस." ती माझं ऐकायची. मी तिला दादर ज्वारीचा हुरडा कसा निवडायचा ते दाखवलं, विहिरीच्या पायऱ्या दाखवल्या. काशी माझ्या मागे मागे फिरू लागली. मला वाटे, आता असंच राहावं. गावात पुन्हा कुणी जाऊच नये.

होळी झाली आणि लोक परत निघाले. ऊन आत जावं म्हणून घरांच्या धाब्यांना भगदाडं पाडलेली होती, ती बुजवायची, भिंतींना चुना लावायचा, जमिनी सारवायच्या. आप्पांच्या घरी मायही गेली. तिनं मोठ्या मायच्या बरोबरीनं सगळं घर सारवलं, कोपर दुखेपर्यंत. मी काशीचं गाठोडं उचलून नेलं होतं. सगळं आवरल्यावर मोठ्या मायनं देवापुढे दिवा लावला आणि काशी दारातून आत धावली ती ओरडतच, "आम्ही घर उनूत! आम्ही घर उनूत!" तिला कोनाडा सापडला, त्यावर चुना फासलेला होता, तरी ती त्याला हात लावून हसत होती. गल्लीभर तेच चाललं होतं. धाबी बडवण्याचा आवाज, दारं उघडल्याचा, मुलांच्या हाका. माय हात धुऊन पदराला पुसत अंगणात उभी होती. मोठी माय बाहेर आली आणि चांगल्या मनानं म्हणाली, "आते तुम्ही बी निंघा वं, संध्याकाळ व्हयी जाई." कुठे निघा, ते ती बोलली नाही.

आम्ही दोघी वावरात आलो. जाताना सगळ्यांनी आपापल्या झोपड्या जाळून टाकल्या होत्या, साथीचं काही राहू नये म्हणून. सगळ्या शिवारात काळे गोल गोल डाग, काहींतून अजून धूर येत होता, आणि मधोमध एकटी आमची झोपडी. मी तिथं उभी राहिले आणि मला कळलं. हिवाळाभर मला वाटत होतं की आमच्यात आणि त्यांच्यात आता काही फरक नाही. झोपड्या सारख्या होत्या, वारा सारखा होता, भाकरीही सारखीच होती. फरक असा होता की ते सगळे घरापासून दूर होते आणि आम्ही नुसतेच तिथं होतो. त्यांना जायला ठिकाण होतं. मी मायकडे पाहिलं. ती त्या काळ्या डागांकडे बघत होती आणि तिचा चेहरा इतका जळता होता की मी तिचा हात धरायला भ्याले.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. खान्देशात लग्न झालेली मुलगी पहिल्या आखाजीला माहेरी येते, झोके खेळते, गौराई पूजते. आक्काची ही पहिलीच. रनाळ्याहून एक माणूस बाजाराला चालला होता, तो वाकडी वाट करून आमच्या वावरात आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "इहीननी इचारं शे. पोरनी गाडी कोना दारमा सोडनी? गावमा का वावरमा?" त्यात टोमणा नव्हता. विहीणबाईला खरोखरच माहीत नव्हतं. माय त्याला म्हणाली, "सांगस." तो गेला. माय विहिरीच्या काठावर बराच वेळ बसली. सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि गावाकडे निघाली. मागे नाना, त्यांच्या मागे मी.

आप्पा ओट्यावर बसले होते. मोठी माय दारात धान्य पाखडत होती. इथं एक सांगायला हवं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नसे. तोंडासमोर यायचं नाही, आवाज ऐकू द्यायचा नाही. इतकी वर्षं एका अंगणात काढून आप्पांनी मायचा आवाज कधी नीट ऐकला नसेल. बोलायचंच झालं तर मध्ये एखादं लेकरू उभं करायचे. मी पुढे झाले. मला वाटलं माय माझ्या खांद्यावर हात ठेवेल. पण मायनं हाक मारली ती काशीला. काशी आली. माय तिच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "काशे, तुन्हा बापले इचार, आखाजीले मन्ही पोर येई ऱ्हायनी. ती कोना दारमा उतरी?"

काशीनं बापाकडे पाहिलं. तिला काही बोलायची गरज नव्हती, सगळ्यांना ऐकू गेलं होतं. आप्पा काशीलाच म्हणाले, "काकूले सांग, हाई दार काय परकं शे का?"

"तुन्हा बापले सांग," माय म्हणाली, "परकं नही. पन मन्हं बी नही."

पाखडण्याचा आवाज थांबला. आप्पांनी नानांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा सरळ त्यांना विचारलं, "नथ्थू, काय पाहिजे तुमले?" नाना जमिनीकडे बघत होते. आप्पा म्हणाले, "तू माले कधी सांगं नही." नाना म्हणाले, "दादा, तुम्ही कधी इचारं नही." मला वाटलं झालं, संपलं, आता पुन्हा चिलीम पेटेल. तेवढ्यात माय काशीच्या पाठीमागून बोलली, आणि आता तिचा आवाज चढला होता. "काशे, त्या दोन्ही भाऊसले सांग. एक सांगस नही, दुसरा इचारस नही, आणि मी पिठनं मडकं खाटवर ठीसन पावसामा बठनी व्हती. माले खळाना एक कोपरा पाहिजे. आणि मन्हं लाकूड."

तेव्हा मोठी माय उठली. सूप जमिनीवर आपटलं. "खळामा घर बांधं तर मन्ही काशीनं लगीन कोठे लावू?" आणि मग एकदम तिचं तोंड वेगळ्याच वाटेला गेलं. "हिले काय दुख शे? वावरमा रानी व्हयी बठनी. ना कोनी पाव्हना, ना कोनी म्हातारं. आपली चूल, आपलं मन. मी अठे दिनभर लोकसना चुली फुकस. माले कोनी इचारं का, तुले काय पाहिजे?" तिला रडू फुटलं. माय भिंतीपासून वळली आणि पदराआडून तिच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, आपला कुणी हेवा करत असेल हे मायला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. माझ्या आयुष्यात मी पुढे पुष्कळ घरं पाहिली, मोठी, बांधीव, नळ असलेली. कुठल्याही घरात गेले की माझं लक्ष आधी तिथल्या बाईकडे जातं, आणि या घरात हिचं असं काय आहे, हे मी शोधते. पुष्कळदा काहीच सापडत नाही.

आप्पांनी खळ्याचा गावाच्या विहिरीकडचा कोपरा दिला. आनंदानं दिला असं मी म्हणणार नाही. चारचौघांच्या देखत भावजय बोलली, ते त्यांना लागलं होतं. लाकडाचं मात्र पूर्ण झालं नाही. तुळई काढली तर नवी खोली बसेल, असं सुतार म्हणाला, आणि खरंच बसली असती. तिच्या बदल्यात आप्पांनी दोन सागाचे खांब आणि जुन्या गाडीचं लाकूड दिलं. तुळई तिथंच राहिली. आप्पा आणि नाना कुडाच्या काठ्या बांधताना पुन्हा शेजारी बसून कपाशीचं बोलू लागले. मोठी माय पहिले दोन दिवस खळ्याकडे फिरकली नाही, तिसऱ्या दिवशी माती तुडवायला आली आणि मायशी न बोलता तुडवत राहिली. आखाजीपर्यंत भिंती छातीएवढ्या झाल्या, चूल झाली, छप्पर व्हायचं होतं. मायनं त्या उघड्या भिंतीशी पितळी भांडी एकावर एक रचली आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशी घासली.

ज्या दिवशी आक्का यायची होती त्या दिवशी मी सकाळपासून खळ्यात भिंतीवर चढून बसले होते. वैशाखात तापी गुडघाभर असते, रनाळ्याच्या गाड्या पात्रातूनच येतात. घंटांचा आवाज आला तशी मी खाली उडी मारली आणि गल्लीकडे धावले. गाडी हाकत होता आक्काचा दीर. त्याला लग्नातलं दार माहीत होतं, त्यानं बैल आप्पांच्या ओट्यापुढेच थांबवले. मोठी माय दारात आली. आक्का पदर सावरत उतरायला लागली. मी खळ्याच्या वळणावर होते, धाप लागली होती, मला ओरडायचं होतं. पण ओट्यावर काशी उभी होती. ती पुढे झाली, बैलांच्या शिंगांसमोर हात आडवा केला आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाली, "अठे नही. मन्ही काकूनं घर तठे शे, खळामा. गाडी तठे ले."

आक्कानं काशीच्या हाताच्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा गाडीत बसली. मोठी माय बाजूला सरली. बैल वळले. आक्का मला बघून हसली, हाका मारत होती, ये, बस गाडीत. मी बसले नाही. इतक्या काळानं आम्हाला घर झालं होतं, आणि ते गल्लीत उभं राहून मोठ्यानं सांगायचं काशीला मिळालं. ती माझ्या शेजारून चालत होती, खुशीत, माझा हात धरायला बघत होती. मी हात ओच्याखाली घेतला आणि खळं येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलले नाही.